टिटवी: तो की ती

चार ब्रास मुरूम स्वस्तात मिळतोय म्हणून फेब्रुवारीतच आणून टाकला होता. जोत्यात भर घालायला तो लागणार होता पार जूनच्या तोंडावर, पण स्वस्त म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांचंच डोकं चालायचं थांबतं. सासवडच्या अलीकडे एका नव्या लेआऊटमध्ये आमचा दोन गुंठ्यांचा तुकडा आहे. आजूबाजूचे प्लॉट अजून मोकळे, पलीकडे पडीक रान आणि त्याच्या टोकाला एक छोटा बंधारा, ज्यात मे महिन्यापर्यंत हिरवट पाणी कसंबसं टिकून असतं. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी, असं सगळं ठरलेलं. त्याच्या आठवडाभर आधी मुकादमाचा फोन आला. "मॅडम, मुरमावर टिटवीनं अंडी घातलीत. काय करायचं?"

त्यानं विचारलं, याचंच मला अप्रूप वाटलं. न विचारता ढीग पसरून टाकला असता तर मला कधी कळलंही नसतं.

गेले बघायला. मुकादम बोट दाखवत होता, "ते काय, ते काय," आणि मला नुसता मुरूम दिसत होता. चार पावलांवर गेले तेव्हा कुठं नजर बसली. चार अंडी, निमुळती टोकं आत एकमेकांना टेकलेली. रंग मुरमाचाच, वर काळपट डाग. घरटं म्हणावं असं काही नव्हतं. ढिगाच्या सपाट माथ्यावर बशीएवढा खळगा, भोवती बारीक खडे आणि शेळीच्या चार-दोन लेंड्या. मी खाली वाकले आणि डोक्यावरून काहीतरी इतक्या जवळून गेलं की केस हलले. मग तो आवाज. टिटिव् टिटिव् टीव्! दोघं होते. एक डोक्यावर झेपावतोय, दुसरा दूर जमिनीवर धावतोय आणि तिथूनच कल्ला करतोय, जणू अंडी त्याच्याच पायाशी आहेत.

सुनीता पत्र्याच्या शेडच्या दारात उभी राहून हसत होती. ही आमच्या साइटच्या वॉचमनची बायको, परभणीकडची. "ताई, उंचावर घातलीत अंडी. यंदा पाऊस दांडगा हाय बघा." टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त आणि सखल जागी घातली की कमी, हे मीही लहानपणी आजीकडून ऐकलं होतं. पण ही उंची आम्ही ट्रकनं आणून टाकली होती. टिटवीचा अंदाज आमच्या मुरूमवाल्यानं बिघडवला असणार, असं मी म्हटलं. तिला ते फारसं पटलं नाही.

ढीग नेमका जेसीबी आत यायच्या वाटेवर. टिटवी साधारण 28 ते 30 दिवस अंडी उबवते. मी जेसीबी महिनाभर पुढं ढकलला. हे वाचून कुणी माझं कौतुक करायला निघालं असेल तर थांबा. गृहकर्जाचा पहिला हप्ता एका कागदावर अडकून पडला होता आणि तो महिनाभर सुटणार नव्हता. नातेवाइकांना मात्र मी टिटवीचंच कारण सांगितलं. ते ऐकायला बरं वाटतं.

मग रोज सकाळी साडेसातला स्कूटरवरून जायचं, शेजारच्या प्लॉटमधल्या कडुलिंबाखाली घडीची खुर्ची टाकायची आणि सासऱ्यांची जुनी दुर्बीण डोळ्याला लावायची, असा नेम लागला. चाळीस-पन्नास पावलांचं अंतर ठेवलं की त्यांचा ओरडा थांबायचा. बरोबर एक वही होती. तिच्यात मी नोंदी करायचे: "ती बसली आहे." "ती उठली, अंडी चोचीनं हलवली, पुन्हा बसली." "ती उन्हाकडे पाठ करून." दहा दिवस अशीच "ती". दुसरा कोण दूर बंधाऱ्याकडे फिरताना दिसायचा, तो "नवरा". वहीत एके ठिकाणी मी चक्क लिहिलंय, "नवरा मजेत किडे खातोय."

अकराव्या दिवशी मी नेहमीपेक्षा उशिरा, साडेदहाला गेले. ऊन चढलं होतं. बंधाऱ्याकडचा पक्षी जमिनीवरून थांबत थांबत आला. थोडं पळायचं, मान वर करून थांबायचं, पुन्हा पळायचं. ढिगावर चढला. बसलेली उठली, चार पावलं चालून गेली आणि उडाली. आलेला तिच्या जागी बसला. सगळं मिळून अर्धं मिनिट. ना आवाज, ना काही. पाळी बदलली होती. मी वहीकडे पाहिलं. गेल्या दहा दिवसांतली किती "ती" हा होता कुणास ठाऊक. टिटवीत नर-मादी सारखेच दिसतात. काळं डोकं, डोळ्यापुढं लाल मांसल पट्टी, पिवळे लांब पाय, दोघांचेही तसेच. अंडी दोघंही उबवतात आणि ऐन उन्हाच्या वेळी नर मादीला सुटी देतो, हे मी नंतर वाचलं. माझ्या वहीत नर उन्हात भाजत होता आणि मी त्याला बाई समजून हळहळत होते.

चूक माझी होतीच, पण तिच्यात मराठीचाही हात होता. टिटवी ती. शब्द स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी, म्हणून अंड्यांवर बसलेलं जे काही आहे ते आई. त्या दिवसापासून मी आपली पाखरांची नावं तपासायला लागले आणि बराच गोंधळ सापडला. सुगरण घ्या. पक्ष्याला सुगरण म्हणतात ते घरटं विणण्याच्या कसबामुळं, आणि घरातल्या कसबी बाईला जे नाव, तेच त्याला दिलं. विणणारा मात्र नर असतो. सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणींची वसाहत बारकाईनं पाहिली आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिली, तेव्हा हा कारभार नीट उलगडला. नर अर्धवट खोपा विणून थांबतो आणि पंख फडफडवत गिऱ्हाइकाची वाट बघतो. माद्या येतात, आत शिरतात, ओढून-ताणून बघतात. एखादीला पसंत पडला की तो खालची नळी विणून खोपा पुरा करतो. पसंत नाही पडला तर ती जाते. बाभळीवर, विहिरीवर जे अर्धेच वाळलेले खोपे लोंबताना दिसतात ते हेच, नाकारलेले. आणि मादी एकदा आत बसली की हा बहुधा शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. अंडी उबवते ती एकटी. मला आयुष्यात कुणी सुगरण म्हटलेलं नाही. आता कळलं, तो शब्द मुळात नराचाच असल्यानं वाईट वाटायचं कारण नाही.

कोकिळा गाते म्हणतो आपण. गातो तो काळा कोकीळ. ठिपक्यांची मादी नुसती किक्-किक् करते. माळढोक पुल्लिंगी, रुबाबदार. गळ्याची पिशवी फुगवून माळावर हिंडणारा तो नर एवढंच काय ते करतो. जमिनीवर बहुधा एकच अंडं घालून, ते एकटीनं उबवून, पिल्लू हिंडवणारी मादी त्या पुल्लिंगी नावाखाली झाकून जाते. आणि "टिटवी देखील समुद्र आटविते" ही म्हण. ती ज्या गोष्टीवरून आली त्या पंचतंत्रातल्या कथेत समुद्रानं अंडी नेल्यावर चोचीनं समुद्र आटवायची प्रतिज्ञा करतो तो टिट्टिभ, म्हणजे नर. संस्कृतातून मराठीत येताना त्याचं लिंग बदललं आणि पराक्रम बायकोच्या नावावर लागला. अशी उलटी नोंद क्वचितच होते, त्यामुळं ती दुरुस्त करायचा माझा अजिबात आग्रह नाही.

सुनीताला मी हे सांगितलं. ती झोळीतल्या पोराला झोका देत होती. शेडच्या दोन लोखंडी खांबांना बांधलेली जुनी साडी, वर सावलीला ओला टॉवेल. म्हणाली, "मग वॉचमनचं काय सांगता ताई? पगार त्यांच्या नावावर. रातच्याला इथं कोन असतं?" तिचा नवरा गेले दोन महिने दुसऱ्या साइटवर सेंट्रिंगच्या कामाला जात होता, तिकडंच मुक्काम. आमच्या सळया आणि सिमेंटवर राखण करत होती ती. मी वर तिची ओळख करून देताना काय लिहिलंय ते आत्ता पुन्हा वाचलं. खोडत नाही, राहू दे.

पुढं मे आला आणि ऊन असह्य झालं. या काळात मला दुसऱ्या एका शब्दावर शंका यायला लागली. उबवणं. ऊब देणं. अंड्यातल्या जिवाला साधारण 37-38 अंशांची गरज असते आणि दुपारी दोनला त्या मुरमावर हात ठेववत नव्हता. तिथं ऊब द्यायची कसली? द्यायची ती सावली. अकरानंतर ते बसत नसत, अंड्यांवर अर्धवट उभे राहत. पाय थोडे वाकवलेले, पंख अंगापासून सुटे, चोच उघडी, गळा धपापतोय. सावलीचं वर्तुळ अंड्यांवर पडेल असं सूर्याबरोबर हळूहळू फिरत राहायचं. हे काम बसण्यापेक्षा अवघड असणार. आपण ज्याला उबवणं म्हणतो त्याची खरी कसोटी आपल्याकडच्या उन्हाळ्यात गारव्याची आहे, आणि मराठीत त्याला शब्द नाही.

एक दिवस बंधाऱ्यावरून आलेला पक्षी बसताना मला दुर्बिणीत त्याच्या पोटाची पिसं चिकटलेली, काळपट दिसली. ओली होती. टिटव्या उन्हाळ्यात पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओलीनं अंडी गार ठेवतात, हे मला माहीत होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर काही वेळ दुर्बीण खाली ठेवावी लागली. एका खेपेत किती पाणी येत असेल? दोन चमचे? आणि बंधारा तीनशे पावलांवर.

याच युक्तीची पुढची पायरी पखुर्डीकडे असते. आमच्या या भागातल्या, सुप्याकडच्या माळांवर पखुर्ड्या आहेत. मातकट अंगाचे पक्षी, उडाल्याशिवाय दिसत नाहीत. पिल्लं कोरड्या माळावर आणि पाणी लांब. नर पाणवठ्यावर उतरतो, पोट पाण्यात बुडवून अंग हलवत राहतो. त्याच्या पोटावरची पिसं स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात. मग तो तसाच उडत पिल्लांकडे येतो आणि ती त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतून पाणी ओढतात. मीड-वाल्डो नावाच्या एका इंग्रज पक्षीपाळकानं 1896 साली आपल्या पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांत हे पाहून लिहिलं, तेव्हा जाणकारांनी त्याला उडवून लावलं. पोटावर पाणी कोण वाहून नेतं! सत्तर वर्षं ते तसंच पडून राहिलं. 1967 साली टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन यांनी कलाहारीच्या वाळवंटातल्या पखुर्ड्यांवर काम करून ते खरं असल्याचं दाखवून दिलं. पाणक्या नर, आणि मराठीत नाव पखुर्डी, ती! आता या यादीला मी कंटाळत चालले होते.

तरी कमळपक्ष्याचं सांगायलाच हवं, कारण ते ऐकून आमच्या मुकादमानं विडीच विझवली. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या मालगुजारी तलावांत, कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा हा पक्षी. लांब शेपटीच्या जातीत मादी आकारानं मोठी. ती चार अंडी घालते, नराच्या हवाली करते आणि दुसऱ्या नराकडे जाते. एका हंगामात दहापर्यंत विणी. नर 26 दिवसांच्या आसपास ती एकटा उबवतो, पिल्लं सांभाळतो. पाणी वाढलं तर अंडी चोचीनं ढकलत, छातीशी धरत दुसऱ्या पानावर नेतो. मुकादम म्हणाला, "हे काय बरोबर नाय मॅडम." मी विचारलं, माळढोकाचं बरोबर वाटलं होतं का? तो बघतो-बघतो करत सिमेंटची पोती मोजायला गेला.

बरोबर-चूक लावायला गेलं की पाखरं हातून निसटतात. आपण त्यांना शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारात बसवतो: माया, त्याग, घरटं, पंख. फळ्यावर कोकिळेची आणि कावळ्याची गोष्ट लिहायची वेळ आली की मात्र अडचण होते. आणि माझी फसगत नेमकी तिथंच झाली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ढिगावर तीनच अंडी होती. कवच नाही, रक्त नाही, काही नाही. सुनीताचा संशय मुंगसावर, माझा कावळ्यावर. कडुलिंबावर कावळ्यांचं घरटं होतं, माझ्या डोक्यावरच, आणि रोज सकाळी त्या झाडाभोवती कोकिळाचा आरडाओरडा चाले. नर कोकीळ कावळ्यांना चिडवून दूर नेतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून जाते. म्हणजे कदाचित टिटवीचं अंडं कावळ्यानं चोरलं आणि ते कोकिळेच्या पिल्लाच्या घशात गेलं. ज्या कावळ्याला मी शिव्या घालत होते तो दिवसभर राबून दुसऱ्याचं पोर वाढवत होता. या हिशोबात गुन्हेगार शोधता शोधता माझा चहा गार झाला. टिटवी तीन अंड्यांवर बसली होती. बसला होता. बसलं होतं, म्हणूया.

सुनीतानं आणखी एक गोष्ट मोडीत काढली. रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जातं, अशी आपल्याकडं समजूत. आमच्या आत्याबाई तर टिटवीचा आवाज आला की "रामराम" म्हणत. मी सुनीताला विचारलं, रात्री भीती नाही वाटत? "जात कुनी न्हाई ताई. कुनीतरी येतंय, येवढंच." दोनदा तिला टिटवीनं जागं केलं होतं. एकदा कुत्री होती. एकदा दोन माणसं होती, सळयांपाशी. तिनं पत्रा वाजवला, माणसं पळाली.

पिल्लं कधी बाहेर आली ते मी पाहिलं नाही. मेच्या एकोणीस तारखेला गेले तेव्हा खळगा रिकामा होता. मला धस्स झालं. कवचाचा तुकडासुद्धा नाही. टिटव्या फुटलेली कवचं उचलून लांब टाकतात, आतला पांढरा रंग दुरून दिसतो म्हणून. बुलबुलाची पिल्लं बारा-चौदा दिवसांत अंड्याबाहेर येतात ती उघडी, आंधळी, मांसाच्या गोळ्यासारखी, मग पुढचे बारा दिवस घरट्यात बसून चोचीत घास घेतात. टिटवीचं पिल्लू दुप्पट दिवस अंड्यात काढतं आणि बाहेर येतं ते डोळे उघडे, अंगावर लव, पायात बळ घेऊन. काही तासांत जागा सोडतं. सगळी अंडी घालून होईपर्यंत टिटव्या नेटानं बसत नाहीत, त्यामुळं पिल्लं जवळपास एकदमच फुटतात आणि सगळा लवाजमा एकदमच हलतो.

दोन दिवसांनी ती दिसली. तीनही. सुपारीला लांब पाय फुटावेत तशी. टिपत होती, थांबत होती, पुन्हा टिपत होती. आणि पुढचे काही दिवस दुर्बिणीतून पाहताना मला एक गोष्ट टोचत राहिली. मोठ्यांपैकी कुणीही पिल्लाच्या तोंडात एकदासुद्धा काही घातलं नाही. टिटवीत भरवणं नाहीच. किडा शोधायचा पिल्लानं, खायचा पिल्लानं. मोठ्यांनी करायचं ते उभं राहणं, बघणं, ऊन फार झालं की पंखाखाली घेणं आणि ओरडणं. आपली सगळी माया घासाभोवती फिरते. "जेवलास का" हाच आपला पहिला प्रश्न. मी पाहत होते त्या संसारात तो प्रश्नच नव्हता. कसलीतरी सावली हलली की मोठा एक विशिष्ट आवाज काढी आणि तीनही पिल्लं असतील तिथं जमिनीला चिकटून बसत. डोळ्यांदेखत नाहीशी होत. दुर्बीण त्याच जागेवर रोखलेली असूनसुद्धा.

कर्जाचा कागद सुटला. जेसीबी मेच्या शेवटच्या सोमवारी यायचा ठरला. आदल्या संध्याकाळी पायाच्या आखणीसाठी मी आणि मुकादम गेलो. त्याच्या हातात फक्कीचं घमेलं, माझ्या हातात नकाशा. प्लॉटमध्ये पाऊल टाकलं आणि एक टिटवी डोक्यावर आली. दुसरी लांब पडक्या बांधाजवळ जमिनीवरून धावत कोकलत होती. त्याचा अर्थ आता मला कळत होता. ती ओरडतेय तिथं पिल्लं नाहीत.

"मग कुठायत?" मुकादमानं विचारलं. घमेलं तसंच हातात.

मला काय माहीत. दोन गुंठे जागा, सगळीकडं सांडलेला मुरूम, वाळकं गवत, दगड. मी एक पाय उचलला होता तो कुठं टेकवावा कळेना. मुकादमही थबकला. शेडच्या दारातून सुनीता पोराला कडेवर घेऊन बघत होती.

"ताई, हलू नका," ती म्हणाली. "तुमच्या चपलेपाशी हाय एक."

मी खाली पाहिलं. मुरूम दिसत होता.